जर्मनीत आगगाडीला ‘चूक’ म्हणतात

फर्स्ट_शिफ्ट (धागाकर्ता)

बारावीला मला जर्मनमध्ये १०० पैकी ९४ मार्क होते. पुण्याबाहेर हे सांगितलं की लोक आदराने बघतात. पुण्यातले हसतात, कारण इथे अकरावी-बारावीला जर्मन कशासाठी घेतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. साल १९९८. ‘डेर, डेस, डेम, डेन’ मी ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर पाठ केलं होतं. आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. तोंडातून सरळ वाक्य मात्र एक निघेल तर शपथ.

पुढे चाकणला नोकरी लागली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. गिऱ्हाईक जर्मन. दर गुरुवारी व्हिडिओ कॉल. कॉल इंग्रजीत चालतो, पण अडचणीचा मुद्दा आला की पलीकडचे तिघे दोन मिनिटं आपसात जर्मन बोलतात आणि मग आम्हाला फक्त ‘ओके’ म्हणतात. त्या दोन मिनिटांत आमच्या रिजेक्शनचं काय ठरलं हे कळावं, एवढ्याच स्वार्थापोटी ४३व्या वर्षी पुन्हा जर्मनकडे वळलो. शिफ्ट फिरती, क्लास जमणं शक्य नाही. म्हणून व्हिडिओ.

सुरुवात रीतसर केली. डॉइचे वेले ह्या जर्मन प्रसारणसंस्थेची ‘निकोस वेग’ ही मालिका फुकट आहे. निको नावाचा मुलगा स्पेनहून येतो, विमानतळावरच त्याची बॅग जाते आणि तिथून सगळं सुरू होतं. ए-१ ह्या पहिल्या पातळीपासून बी-१ ह्या मधल्या पातळीपर्यंत. मग ‘ईझी जर्मन’ सापडलं. कारी आणि यानुश रस्त्यावर माईक घेऊन उभे राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी साधं विचारतात आणि खाली दोन ओळी येतात, वर जर्मन, खाली इंग्रजी. दोन महिने रोज बघितलं. नंतर लक्षात आलं की आपण जर्मन ऐकतच नाही, इंग्रजी वाचतोय! मग पोराच्या वहीचा पुठ्ठा कापून स्क्रीनच्या तळाला चिकटवला. खालची ओळ गायब.

त्या पुठ्ठ्याने जे दिलं त्यासाठी हा धागा काढलाय. इंग्रजी दिसेनाशी झाल्यावर डोकं आपोआप मराठीकडे वळलं, आणि शाळेत घाम फोडणाऱ्या निम्म्या गोष्टी घरच्याच निघाल्या.

‘मिअर इस्ट काल्ट’. इंग्रजीतून शिकलं तर ‘आय’ सोडून ‘टू मी’ का, म्हणून डोकं धरायचं. आपण काय म्हणतो? मला थंडी वाजते. मला! ‘डास गेफेल्ट मिअर’: ते मला आवडतं. ‘मिअर फेल्ट वास आइन’: मला काहीतरी सुचतंय. चतुर्थी की द्वितीया हा वाद सोडा, तो ‘मला’ तिकडेही आहे.

‘वाइल इश हॉयटे म्यूडे बिन’. शब्दाखाली शब्द मांडा: कारण मी आज दमलेला आहे. क्रियापद शेवटी गेलं म्हणून इंग्रजीवाले रडतात. आपलं जन्मल्यापासून शेवटीच आहे.

‘आइन-उंट-च्वान्चिश’ म्हणजे एक-आणि-वीस. एकवीस! आधी एकं, मग दहं.

आणि ‘डोख’. हा शब्द इंग्रजीतून कुणालाच नीट समजावता येत नाही. कुणी विचारलं, “तू जेवला नाहीस?” आणि आपण जेवलोय, तर जर्मन माणूस म्हणतो ‘डोख’. आपण म्हणतो “जेवलो की!” त्या ‘की’ला तिकडे डोख म्हणतात, एवढंच.

आता शीर्षक. जर्मन ‘झेड’चा उच्चार आपला चमच्यातला च. आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ग’चा ‘क’ होतो. त्यामुळे आगगाडीसाठी जो शब्द आहे, शाळेत आम्ही ज्याला ‘झुग’ म्हणायचो, तो ऐकायला तंतोतंत ‘चूक’ आहे. ‘ईझी जर्मन’मधली एक बाई म्हणाली की ती रोज चूकने कामावर जाते, तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

तुम्ही कुणी असं व्हिडिओ बघत शिकलात का? काय बघता? गंभीर, टुकार, सगळं चालेल.

---

मिसळसम्राट

वाचनखूण साठवली. माझं जर्मन म्हणजे मीममधला, बंकरमधला तो चिडलेला हिटलर आणि खाली आपल्याकडच्या विषयांवरची उपशीर्षकं. त्यामुळे ती भाषा भांडायलाच असते असा समज होता.

---

फर्स्ट_शिफ्ट

@मिसळसम्राट, निम्म्या जगाचं जर्मन तिथूनच सुरू होतं. तो २००४चा सिनेमा आहे, ‘डेर उंटरगांग’. ब्रुनो गांझने तिथे ओरडणारा माणूस रंगवलाय, आणि ओरडताना कुठली भाषा गोड लागते? फुलपाखराचा व्हिडिओही असाच. बाकीच्या भाषांचे लोक आपापला शब्द लाडाने म्हणतात आणि जर्मन माणूस ‘श्मेटरलिंग’ किंचाळतो. साध्या आवाजात म्हणून बघा, शब्द छान आहे. रस्त्यावरच्या मुलाखतीत लोक हळू, जरा पुटपुटतच बोलतात. आमच्या कॉलवरचे तिघे तर दर वाक्याला ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणतात. ‘अगदी बरोबर’ असा अर्थ. आमच्याकडे एक सुपरवायझर ‘करेक्टाय’ म्हणतात, तोच सूर.

---

व्याकरणमास्तर

लेख आवडला, पण उत्साहाच्या भरात काही गोष्टी निसटल्यात.

१. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर येतं. ‘हॉयटे गेए इश’: आज जातो मी. असं आपण बोलतो, पण कधीमधी. त्यांना पर्याय नाही. मराठीच्या भरवशावर क्रियापद कायम शेवटी टाकाल तर फसाल.

२. संख्यांत एकोणीस, एकोणतीस आपली खास. ते २९ला ‘नऊ-आणि-वीस’ म्हणतात, तीसला एक कमी म्हणत नाहीत.

३. ‘च’ची गंमत खरी आहे, पण मराठीत ‘इ’ आणि ‘ए’च्या आधीचा च बहुधा तालव्य होतो: चिमणी, चेहरा. त्यामुळे खोलीसाठीचा ‘त्सिमर’ आणि दहासाठीचा ‘त्सेन’ म्हणताना मराठी माणूस हटकून ‘चिमर’, ‘चेन’ म्हणतो. तिथे चमच्यातला च मुद्दाम आणावा लागतो. ‘इश’मधला शेवटचा आवाजही ‘श’ नव्हे. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी हवा सुटते, ती.

आता तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट. तिकडे अडीच वाजले की ‘हाल्ब द्राय’ म्हणतात, अर्धा-तीन. इंग्रजीवाले हे साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोचतात. आपला ‘अडीच’ आला संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून. म्हणजे तिसरा अर्धा. हुबेहूब तीच मोजणी. दोन पूर्ण, तिसरा अर्धा झालाय.

---

ढब्बू_पैसा

मास्तर, दंडवत. अडीचमध्ये तीन लपलेत हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

---

श्टुटगार्टची_सून

मास्तरांच्या घड्याळात माझी भर. आमच्याकडे लोक सव्वादोनला ‘फिर्टेल द्राय’ म्हणतात, पाव-तीन, आणि पावणेतीनला ‘द्रायफिर्टेल द्राय’, पाऊण-तीन. उत्तरेकडचे जर्मनही इथे आले की गोंधळतात. मला मात्र ‘पाऊण’ ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

व्हिडिओंबद्दल खरं सांगते. मी भारतात बी-१ करून, भरपूर व्हिडिओ बघून इथे आले आणि शेजारच्या आजींचं अवाक्षर कळेना. त्या श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात. ‘इश’चा (मी) नुसता ‘ई’ होतो, ‘निश्त’चं (नाही) ‘नेट’ होतं, आणि प्रत्येक वस्तूला ‘ले’ लावून ती छोटी करतात: ह्यॉयस्ले, बिसले, श्पेत्सले. आमच्या राज्याने १९९९ ते २०२१ स्वतःच्या जाहिरातीत लिहून टाकलं होतं की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

(अवांतर: मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग आपल्यासारखी लोकल का नाही तिकडे?” आहे हो. फक्त दाराला लोंबकळत नाही कुणी.)

मला खरं शिकवलं ते मुलाबरोबर बघितलेल्या ‘डी झेंडुंग मिट डेर माउस’ने, म्हणजे उंदराच्या कार्यक्रमाने. १९७१पासून दर रविवारी चालू आहे. केशरी उंदीर आणि त्याच्याहून लहान निळा हत्ती. दोघं बोलत नाहीत, उंदराची पापणी लवली की टक टक वाजतं. मध्ये खऱ्या गोष्टी दाखवतात: टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात, पाव कारखान्यात कसा बनतो. निवेदक अगदी छोट्या वाक्यांत सांगतो आणि जे सांगतो ते समोर दिसत असतं, त्यामुळे शब्दकोश लागतच नाही. सुरुवातीला आज काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात आणि तेच पुन्हा दुसऱ्या एखाद्या भाषेत. मग विचारतात, ही कुठली भाषा होती? ७०च्या दशकात बाहेरून कामाला आलेल्यांच्या मुलांसाठी हे सुरू झालं, ते राहिलं. माझा मुलगा अजून मराठीची वाट बघतोय.

---

कडूकारलं

सगळं गोड चाललंय, म्हणून मी आलो.

व्हिडिओ बघून भाषा येते हा भ्रम आहे. समजायला लागते, येत नाही. माझ्या भाच्याने दोन वर्षं यूट्यूब बघितलं. त्याला रॅप कळतं, मीम कळतात. अर्ज लिहायला बसवला तर तीन ओळींत आठ चुका (आगगाड्या नव्हेत). आणि सगळ्यांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतो! व्हिडिओतले सगळे त्याला ‘डू’ म्हणतात किंवा प्रेक्षकांना मिळून ‘ईअर’, मग त्याला ‘झी’, म्हणजे अहो-जाहोतलं ‘तुम्ही’, येणार कुठून? मुलाखतीत समोरच्या पन्नाशीच्या बाईंना तो अरे-तुरे करून आला. आपल्याकडे एखादा पोरगा साहेबांना “काय रे, बस ना” म्हणाला तर कसं होईल?

शिवाय तुमची मराठीची शिडी लिंगात मोडते. तीन लिंगं आहेत म्हणून नाचू नका. चमचा पुल्लिंगी, त्यांचा ‘ल्योफेल’ही पुल्लिंगी, ठीक. पुढे? काटा त्यांच्याकडे बाई, सुरी नपुंसक. चहा बुवा जमला, कॉफीही बुवाच. सूर्य बाई!

---

फर्स्ट_शिफ्ट

@कडूकारलं, लिंगाचं पूर्ण मान्य. मी वहीत यादी करत होतो. घर, पुस्तक, पाणी, वर्ष, मूल ही सगळी दोन्हीकडे ‘ते’. दिवस ‘तो’, रात्र ‘ती’. वाटलं जिंकलो. मग दूध ‘ती’ निघालं आणि वही मिटली. पण एक फायदा आहे. निर्जीव वस्तूला लिंग असतं ह्याचाच ज्याला धक्का बसतो, त्याच्यापेक्षा आपण बरे. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, हे आपण आयुष्यात कुणाला विचारलंय का?

‘झी’चा मुद्दा तर दुखरी नस. कॉलवर मी पहिल्यांदा धीर करून जर्मन वाक्य टाकलं ते ‘डू’ घालूनच. पलीकडचे मोठे साहेब हसले आणि म्हणाले की मग आता आपण ‘डू’च म्हणू या. नशीब.

---

रातकिडा

‘झी’ शिकायचं असेल तर ‘टाटओर्ट’ बघा. पोलीस संशयिताच्या घरात घुसतो, कपाटं उचकतो, खुनाचा आरोप करतो, आणि सगळं अहो-जाहो करून! पुणेरी वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाटओर्ट म्हणजे गुन्ह्याची जागा. १९७०पासून रविवारी रात्री लागते, दीड तासाची एकेक स्वतंत्र गोष्ट. प्रत्येक शहराची आपली पोलीस जोडी. ह्या रविवारी कोलोनचा खून, पुढच्या रविवारी म्युनिकचा. सुरुवातीला डोळे, त्यावर नेम धरल्याचं चिन्ह आणि पळणारे पाय, हे पन्नास वर्षांत जवळपास बदललेलंच नाही. संगीत क्लाउस डोल्डिंगरचं. लोक एकत्र जमून बघतात आणि खुनी कोण ह्यावर वाद घालतात. म्युन्स्टरची जोडी २००२पासून आहे. तिच्यात एक पोलीस आणि एक भयंकर गर्विष्ठ शवचिकित्सक डॉक्टर. खून राहतो बाजूला आणि दोघांची तू-तू मैं-मैं चालते. (‘झी’ वापरूनच!)

वेळ सव्वाआठची, आणि ती का ते ऐका. आठ ते सव्वाआठ ‘टागेसशाऊ’, म्हणजे बातम्या. १९५२पासूनच्या. त्या संपल्याशिवाय देशाची संध्याकाळ सुरू होत नाही, म्हणून खासगी वाहिन्यांचे मोठे कार्यक्रमही सव्वाआठलाच. आपल्याकडे सातच्या बातम्या हे असं असायचं.

---

अनुराधा_नाशिक

मी वेगळ्याच वाटेने शिकले. ‘कभी खुशी कभी गम’ जर्मनमध्ये! २००४मध्ये तिकडच्या आरटीएल-टू वाहिनीने डब करून दाखवला आणि तिथून शाहरुखचं वेड लागलं त्या लोकांना. तिकडे बाहेरचं जवळजवळ सगळं डब होतं, आणि ते इतकं मन लावून की एका नटाला शक्यतो एकच आवाज देतात. तो आवाज बदलला तर प्रेक्षक रागावतात.

सिनेमा मला पाठ आहे. त्यामुळे कोण काय म्हणणार हे आधीच माहीत, फक्त ते जर्मनमध्ये कसं म्हणतात ते ऐकायचं. पाहिलेल्या सिनेमाचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाच-सहा वेळा ऐकावेत. जया बच्चन जर्मन बोलताना पहिली दहा मिनिटं हसू येतं, मग येत नाही.

---

मिरजेची_सिस्टर

मी सध्या बी-२ ची तयारी करतेय, नर्स म्हणून जायचंय. कडूकारलं ह्यांचं लिहिण्याबद्दलचं बरोबर आहे, त्याला क्लास हवाच. पण क्लासमध्ये शिक्षिका जितक्या हळू बोलतात तितकं हळू जगात कुणी बोलत नाही.

धाग्यातला ‘मला’चा मुद्दा माझ्या कामाचा ठरला. ‘मिअर इस्ट श्विंडेलिश’: मला चक्कर येतेय. ‘मिअर इस्ट युबेल’: मला मळमळतंय. पेशंट जे सांगणार त्यातलं बरंच ह्याच साच्यात. आमच्या वर्गात केरळच्या मुली आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मल्याळममध्येही ‘मला’च आहे! एकीने लगेच ‘एनिक्क’ लावून सगळी वाक्यं म्हणून दाखवली. शिक्षिका मात्र गेला महिनाभर ते आम्हाला इंग्रजीतून समजावत होत्या.

एक खड्डा दाखवते, मी पडलेय. ‘मला भूक लागली’ला ‘मिअर’ चालत नाही. तिथे ‘इश हाबे हुंगर’. मी भूक बाळगून आहे.

---

ढब्बू_पैसा

थोडं हसायचं काही सांगा की. जर्मन आणि विनोद म्हटल्यावर लोक दारं लावून घेतात.

---

फर्स्ट_शिफ्ट

@ढब्बू_पैसा, लोरिओ ह्या जर्मन विनोदवीराचं काहीही बघा. खरं नाव विको फोन ब्यूलो, २०११मध्ये गेले. त्यांचं एक कार्टून आहे, नवरा-बायको नाश्त्याला बसलेत आणि अंडं जास्त उकडलंय. बस, एवढंच. तो साडेचार मिनिटांचा हिशोब विचारतो, ती म्हणते मला ते आपसूक जाणवतं. आवाज कुणीच चढवत नाही. मी हेडफोन न लावता बघत होतो. बायकोला जर्मनचा गंध नाही, ती स्वयंपाकघरातून आली, उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

दुसरा तुकडा: एक गृहस्थ हॉटेलात बसून एका बाईला प्रेमाचं सांगतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर शेवयाचा तुकडा चिकटलाय. तो तिला बोलूच देत नाही, तुकडा चेहराभर फिरतो. हा विनोद आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या वाचकाला लगेच कळेल. माणूस गंभीर, परिस्थिती फजितीची.

त्यांच्या नाताळाच्या नाटुकल्यातलं आजोबांचं एक वाक्य तर तिकडे म्हणच झालंय: पूर्वी झाडावर झगमगाट जास्त असायचा. ‘आमच्या वेळी’ असं कुणी सुरू केलं की ते टाकतात.

आणि ३१ डिसेंबरला सगळा देश जे बघतो ते जर्मन नाहीच! ‘डिनर फॉर वन’. १९६३मध्ये हांबुर्गच्या वाहिनीने टिपलेलं, पण दोन इंग्रज कलाकारांचं, इंग्रजीतलं. नव्वदीच्या बाई, चार मेलेले पाहुणे आणि चौघांच्या वतीने पिणारा नोकर. तो वाघाच्या कातड्याला पुनःपुन्हा अडखळतो. ते इंग्रज असूनही इंग्लंडात बहुतेकांना माहीत नाही. मी वही-पेन घेऊन, पुठ्ठा लावून बसलो होतो.

---

कडूकारलं

पुठ्ठा लावून इंग्रजी बघितलंत. हे आवडलं. बाकी चालू द्या.

---

श्टुटगार्टची_सून

एक सांगायचं राहिलं. हे इतकं फुकट का मिळतं असं पुतण्याने विचारलं होतं. फुकट नाही. उंदीर, टाटओर्ट, टागेसशाऊ, हे सगळं जनतेच्या पैशाच्या वाहिन्यांचं. दर घराला महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, टीव्ही असो वा नसो. इथले लोक त्यावरून कायम कुरकुरतात. त्यातले काही कार्यक्रम हक्कांमुळे भारतात उघडत नाहीत, तेव्हा त्या वाहिन्यांचे यूट्यूबवरचे अधिकृत पानच बघा.

आणि ‘चूक’बद्दल: काल नवरा स्टेशनवरून फोन करून म्हणाला, “माझी चूक चुकली.” तुमचा धागा त्याला वाचून दाखवला ही माझी चूक.

---

रातकिडा

@फर्स्ट_शिफ्ट, आज रविवार. तिकडचे सव्वाआठ म्हणजे आत्ता उन्हाळ्यात आपले पावणेबारा. हिवाळ्यात पाऊण वाजेल. बघणार का?

---

फर्स्ट_शिफ्ट

नाव वाचा माझं. सकाळी पावणेसहाला बस आहे. खुनी कोण ते उद्या सांगा, आणि हो, जर्मनमध्ये सांगा.